पुण्याच्या दवाखान्यातला पहिला मान

चहा घ्या, तोवर माझ्या मानपानाचं सांगते. माझ्या श्वासनळीला चिकटून गाठ निघाली. कॅन्सर का टीबी, हे कळायला पुण्याच्या दवाखान्यात घशातून दुर्बीण घालायची, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीत गाठ बघायची आणि सुईनं नमुना काढायचा, असं ठरलं. सुई धरणारा डॉक्टर शिकाऊ.

"बाबा, आधी कुणाला टोचलंयस?"

"रबरी पुतळ्यावर भरपूर सराव झालाय, आजी. माणसांत तुम्ही पहिल्याच. सर शेजारी उभे आहेत."

"पुतळा खोकतो का रे?"

"नाही."

"शेजारची रक्ताची शीर फुटली, तर त्याची पोरं रडत येत्यात का?"

तो सरांकडं बघायला लागला.

"आमच्या पिंपरी पेंढारला जत्रेतल्या पहिल्या मानासाठी भावकी डोकी फोडते. मला नुसतं आडवं पडून मिळाला. पण मानाचा नारळ न्हाई दिलास."

मग त्यांनी माझा घसा बधिर केला, तेव्हा कुठं माझं तोंड बंद झालं आणि त्यानं सुई उचलली.

आठवड्यानं रिपोर्ट घेऊन तोच आला. "टीबी आहे, आजी. गोळ्यांनी बऱ्या व्हाल." आणि पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात ठेवला.

मी तो कानाशी धरून हलवला. "पाणी हाय ना आत? का ह्योबी रबराचा?"