एकाच पायाची पावलं

पहिल्यांदा चावीचं सांगतो, म्हंजे माझं शहाणपण तुमास्नी एकदम कळंल. कारखान्यातल्या कपाटाची चावी हरवली हुती, आणि मी सकाळी सकाळी घर डोक्यावर घेतलं, बायकोला म्हणलं तुझं लक्ष नसतंय, पोरीला म्हणलं तुझं सगळं लक्ष मोबाईलात, गादीखाली बघितलं, डाळीच्या डब्यात बघितलं, शेवटी वैतागून बूट चढवलं आणि पळायला गेलो, सहा किलोमीटर पळून आलो, पायरीवर बसून उजवा बूट काढला आणि चावी टुणकन फरशीवर पडली. सहा किलोमीटर मी चावी टाचेखाली घेऊन पळालो. पोरगी हसून हसून भिंतीला टेकली, बायको हसली, मी बी हसलो, दुसऱ्या दिवशी आमच्या पळणाऱ्यांच्यात मीच रंगवून सांगितलं तर सगळी पोट धरून हसली. एवढ्या माणसांत एकाच्या बी डोक्यात आलं न्हाय पावणं, की चावी ह्या बाबाला टोचली कशी न्हाय.

मी मूळचा शिरोळकडचा. गाव कृष्णेच्या काठाला, चारी बाजूनं ऊस, आणि पाय म्हणाल तर सातवीपर्यंत अनवाणी, काटा मोडला तर बाभळीचाच दुसरा काटा घेऊन काढायचा आणि पुढं पळायचं. अठराव्या वर्षी इचलकरंजीला मागावर आलो, पहिल्यांदा कांड्या भरल्या, मग माग चालवलं, आणि आता वीसेक वर्षं जॉबर हाय. जॉबर म्हंजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. त्या कामात एक गोष्ट हाय बघा, धागा एकाच जागी सारखा तुटाय लागला तर धाग्याला शिव्या देऊन उपयोग न्हाय, तो कुठंतरी घासतोय, ती जागा शोधायची. डोळ्याला दिसत न्हाय ती, बोटाला कळती. धोट्यावर, म्हंजे आडवं सूत इकडनं तिकडं नेणाऱ्या लाकडावर, केसाएवढा चरा असतोय, नुसतं बोट फिरवलं की मला लागतोय. सूत चिमटीत धरून किती नंबरचं ते डोळं झाकून सांगतो मी. ह्याचा मला लई गर्व, खोटं कशाला बोलू.

शुगर निघून आठ वर्षं झाली. गोळ्या घ्यायचो, म्हंजे आठवण झाली तर घ्यायचो. पायाला मुंग्या यायच्या, कारखान्यात उभं राहिलं की तळव्यात नुसतं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं. मग शेजारच्या गल्लीतलं माळी सर, हायस्कूलात शिकवत्यात, ते म्हणाले जॉबर, पळायला चला. गेलो. चार महिन्यांत पोट आत गेलं, शुगर बी जरा खाली आली, आणि मुंग्या थांबल्या. काय सांगू तुमास्नी, मी घरात साखर वाटायचाच बाकी हुतो. बायकोला म्हणलं बघ, पळण्यानं मुंग्या गेल्या. आता डॉक्टर म्हणतात मुंग्या गेल्या न्हवत्या, मुंग्या ज्याला चावत हुत्या ते मेलं हुतं.

तर आम्ही सातजण, आणि कोल्हापुरात एकवीस किलोमीटरची शर्यत पळायचं ठरवलेलं. लांब पळाय लागलो तसं सगळ्यांच्या पायाला फोड यायला लागलं. माळी सर तर टाचेवर एवढा पाण्याचा फोड घेऊन लंगडत वर्गावर जायचं. आणि मला एक बी न्हाय. मग काय वो, मी त्यांचा फोडाचा डॉक्टरच झालो. सरांना म्हणलं, हे सगळं घासण्याचं काम हाय, तुमचा पाय म्हंजे सूत आणि बूट म्हंजे धोटा. मोजं आणा हिकडं. मोजं उलटं करून शिवणीवर बोट फिरवलं, गाठ सापडली, म्हणलं हे तुमच्या करंगळीला खातंय. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे. सुती मोजं घाम पितंय आणि ओलं झालं की जास्त घासतंय, तर ते टाकून द्या. जिथं घासतंय तिथं व्हॅसलीन लावा, न्हायतर आधीच चिकटपट्टी लावा, सुरकुती न पाडता. आणि फोड आलाच तर वरची कातडी सोलायची न्हाय, ते झाकण असतंय, बारका असला तर हातच लावायचा न्हाय, लईच मोठा आणि दुखरा असला तर स्वच्छ सुई कडंनं टोचून पाणी काढायचं आणि पट्टी बांधायची. आमच्या कारखान्यात पूर्वी माणसं फोडातनं सुईदोरा ओवून दोरा तसाच आत ठेवायची, मी बी ठेवलाय, पण ती वाट घाणीला आत जायची हाय, ते करू नका म्हणून सांगायचो. आणि सगळ्यात शेवटी, बोट वर करून, एक नियम सांगायचो. फोड एकदम येत न्हाय, येण्याआधी ती जागा गरम लागती. गरम लागलं की थांबायचं, तितंच, रस्त्यावर, बूट काढून बघायचं. सगळी माना डोलवायची. सर एकदा म्हणालं, जॉबर, तुमास्नी कधी गरम लागत न्हाय का? मी म्हणलं, सर, आमचं पाय गावचं हायत.

गौर यायच्या दिवशी सकाळी चौदा किलोमीटर पळायचं हुतं. बारीक पाऊस, आणि बाकीच्यांनी सणाचं कारण काढून बुट्टी मारली, मी एकटाच निघालो. शहर संपून उसाचा रस्ता लागला, उजाडलेलं पण सगळं राखेच्या रंगाचं, दोन्ही बाजूनं ऊस माझ्यापेक्षा उंच. तिथं मला पहिल्यांदा आवाज आला. माझा डावा पाय टप वाजत हुता आणि मागनं कोणतरी ओल्या पायानं पचाक करत हुतं. टप, पचाक, टप, पचाक. मी थांबलो की ते थांबायचं. मी वळून बघितलं तर रस्ता मोकळा. म्हणलं उसात काय जनावर असंल, आणि जरा जोरात पळालो, तर ते बी जोरात. तुमास्नी म्हणून सांगतो, पन्नाशीचा माणूस, दोन पोरांची लग्नं केलेला, मी मनात देवाचं नाव घेत शेवटचं तीन किलोमीटर असा पळालो की तसा आयुष्यात पळालो न्हाय. आणि पळताना असं वाटत हुतं की खाली जमीनच न्हाय, कापसावरनं चाललोय, पाय दुसरंच कोणतरी चालवतंय.

घरी आलो, काळं मोजं पावसानं भिजलेलं, तसंच बादलीत टाकलं, आंघोळ केली. घरात सणाची गडबड. पोरगी स्नेहल आणि तिच्या मैत्रिणी पाणवठ्यावरनं गौर आणायला गेलेल्या, बायको स्वयंपाकात, शेजारच्या अक्का उंबऱ्यापास्नं देवघरापर्यंत गौरीची पावलं काढत बसलेल्या. कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून कडंनं ठसा, वर पाच बोटांचं टिपकं, तळहाताएवढी पावलं, डावं उजवं, डावं उजवं, पांढऱ्या फरशीवर लई गोड दिसत हुती. मी मागच्या खोलीतनं स्टूल आण, पाट आण, लोखंडी मांडणी आण, असं करत चारदा इकडनं तिकडं फिरलो, आणि हार आणायला चपला घालून बाहेर पडलो.

परत आलो तर घर बायकांनी भरलेलं. गौर आणून पोरी बी आलेल्या. पोरींच्या हातात गौरीचा तांब्या तसाच, त्या उंबऱ्याच्या आतच उभ्या. सगळ्या फरशीकडं बघत हुत्या. मी चपला काढल्या आणि वाकून बघितलं. अक्कांची पावलं दारापास्नं देवघराकडं गेलेली, ती ठीक हाय. पण दुसरी एक ओळ मागच्या खोलीतनं आलेली, देवघरापर्यंत जाऊन परत फिरलेली, परत आलेली. तांबडीच. पण मोठी, माणसाएवढी. आणि नुसती उजव्या पायाची. उजवं, मग एवढी मोकळी फरशी, मग परत उजवं. डावं कुठंच न्हाय.

अक्का हळूच म्हणल्या, आम्ही आणायच्या आधीच आत आलीया ती. त्यांनी पदर खांद्यावरनं घेतला, हळदकुंकवाचं करंडं उघडलं आणि एकेका पावलावर चिमूट चिमूट वाहायला लागल्या. एका पोरीनं दुर्वा ठेवल्या. मला सकाळचा तो आवाज आठवला, म्हणलं जे उसात माझ्या मागं हुतं ती हीच हुती, घरापर्यंत आली. हार तसाच हातात धरून मी दोन्ही हात जोडलं आणि दर्शन घ्यायला चार पावलं पुढं गेलो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी हुती. ती माझ्याकडं न्हाय, माझ्या पाठीमागं बघत हुती. म्हणाली, हाय तितंच थांबा. हलू नका. मला वाटलं माझ्या मागं कोणतरी उभं हाय. मी नुसती मान वळवली. मागं कोण न्हाय, पण दारापास्नं माझ्या टाचेपर्यंत दोन नवी पावलं उमटली हुती. ओली. उजवीच.

काय सांगू तुमास्नी, ती पावलं कुणाची ते कळायला मला वेळ लागला, आणि बायकोला लागला न्हाय. ती खाली बसली, बैलाच्या खुराला पत्री ठोकणारा पाय उचलतोय तसा तिनं माझा घोटा धरून पाय वर उचलला. अंगठ्याच्या मागची सगळी कातडी लोंबत हुती, आत तांबडं मांस, चांगल्या लिंबाएवढं. तिनं त्यात बोट ठेवलं आणि विचारलं, दुखतंय का वो? मी म्हणलं, बोट कुठं ठेवलंयस ते तर सांग.

कोण हसलं न्हाय. अक्कांच्या हातातनं करंडं पडलं.

त्याच दिवशी डॉक्टरकडं. त्यांनी जखम धुतली आणि मग एक बारीक नायलॉनचा धागा काढला, काडीला लावलेला, म्हणाले डोळं झाका, तळव्याला हा धागा लावतो, लागला की व्हय म्हणा. मला बरं वाटलं, म्हणलं चला, धाग्याचं काम निघालं, ह्यात आपण पास. डोळं झाकून बसलो. बसलो. बसलो. शेवटी म्हणलं, डॉक्टर, सुरू करा की. ते म्हणाले, झालं माझं, दोन्ही पायांवर दहा दहा ठिकाणी लावून झालं. मी डोळं उघडलं तर बायको तोंडावर पदर धरून भिंतीकडं बघत हुती. ज्याचा हात सुताचा नंबर सांगतोय त्याच्या पायाला धागा लागत न्हाय, आणि असा माणूस सगळ्यांना सांगत फिरत हुता की गरम लागलं की थांबा.

डॉक्टर म्हणाले, शुगरवाल्यानं फोड घरी फोडायचा न्हाय, टोचायचा न्हाय, दिसला की सरळ दवाखाना. हा फोड आजचा न्हाय, कवाचा जुना हाय, आत पू झालाय, हाडापर्यंत गेला असला तर अंगठा काढावा लागंल, आणि नंतर कुठपर्यंत जाईल ते मी आज सांगत न्हाय. हाडाचा फोटो काढला, तपासण्या केल्या, म्हणाले दोन दिवसांनी या. ते दोन दिवस मी खाटंवर. बाहेर गौरी जेवत हुत्या, बायका गाणी म्हणत हुत्या, आणि मी चादर बाजूला करून बघायचो तर त्या टोकाला दोन पाय पडलेलं असायचं, एक पट्टी बांधलेला, एक उघडा. कुणाचं तरी. मी अंगठा हलव म्हणायचो आणि तिकडं लांब एक अंगठा हलायचा, सांगितलं म्हणून काम करणाऱ्या परक्या माणसासारखा. उद्या त्यातला एक नेला तरी मला कळणार न्हाय, ह्या भीतीनं झोप येत न्हवती. अंगठा गेला तर मागापुढं बारा तास उभं कसं ऱ्हायचं हा हिशोब वेगळाच.

हाडाला लागलं न्हवतं. अंगठा वाचला. दोन महिने पाय टेकवला न्हाय, जखम भरली, आता कारखान्यात जातो, पळणं बंद, गोळ्या वेळेवर. सर आणि बाकीची शर्यत पळून आली, कुणाला एक फोड आला न्हाय, सगळी मला पदक दाखवायला घरी आली, चांगली पोरं हायत. मी त्यांना नवा नियम सांगितला, गरम लागायची वाट बघू नका, लागत असंल तरी घरी आल्यावर पाय हातात घेऊन बघा, बुटात हात घालून बघा. अक्कांचं म्हणाल तर त्या अजून मानत न्हाईत, म्हणत्यात सकाळी उसात मागनं आली ती गौरच, तुझा पाय नुसता दाखवायला तिनं वापरला. मी वाद घालत न्हाय. तो रस्ता मात्र मी टाळतो.

आता रोज संध्याकाळी बायको चष्मा लावून बसती, माझं दोन्ही पाय मांडीवर घेती आणि कापड तपासणाऱ्या माणसावानी बोटांच्या मधनं, टाचंवरनं, तळव्यावरनं बघती. काल बघताना तिनं तळव्याला चिमटा घेतला. मी तिच्या समाधानासाठी म्हणलं, आई गं, दुखलं की. तिनं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, मी डाव्या पायाला चिमटा घेतला, तुम्ही उजवा वडून घेतलासा. खोटं बोलून मला खूष करू नका वो. ज्या दिवशी खरंच दुखंल त्या दिवशी वराडा, गल्लीभर ऐकू जाऊ दे, मी पेढं वाटते.