विंचवावर वार करायचा नाही

— अगं नाही, तसा मधेच नाही टाकायचा फासा, क्रिस्टल, आधी तुझी पाळी येऊ दे. ऋत्विक आंघोळीला गेलाय, आणि त्याची आंघोळ म्हणजे विचारू नकोस, तोवर मीच सांगते तुला त्याच्या या खेळातल्या फाइटचे रूल्स. हसतेस काय? मला तरी कुठं येत होतं! विशाखा, तू डायनिंग टेबलावर बसून विंचवाशी लढशील असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तू इंग्लिशमध्ये बोल हं, कळतं मला — आमचा पण तसाच, मी मराठीत विचारते, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो.

तर बघ. ही गुहा. आत मी — म्हणजे माझी ती ढालवाली बाई — आणि गुहेच्या तोंडाशी हा एवढा मोठ्ठा विंचू. बाहेर पडायचं तर त्याला मारून. पाळी आली की एकच गोष्ट करायची — वार, नाहीतर बचाव, नाहीतर पळ. पळालीस तर पाठ फिरते ना, मग तो फुकटचा एक डंख मारतो. वार करायचा तर हा वीस बाजूंचा मोठा फासा — बारा किंवा वर पडलं की लागला — मग किती लागला त्याला हा छोटा फासा, तेवढे विंचवाचे प्राण कमी. प्राण संपले की फाइट खलास. आणि बचाव म्हणजे ढाल पुढं धरून गप उभं राहायचं. मी तेच करते. दर शुक्रवारी तेच.

का म्हणजे? — वार येतो की मला! ऋत्विकचा मित्र सलील, कॅनडाला जायच्या आधी त्यानं विंचवाला अर्धमेला करून ठेवलाय, तीन प्राण उरलेत मेल्याचे. पण खेळणारे सगळे गेले गं, लाईबा पण गेली, टेबलाशी खेळ चालवणारा ऋत्विक एकटा. तेव्हा म्हणाला, मम्मी, यू प्ले. आणि म्हणाला, अर्धी फाइट टाकून मी पुण्याला जाणार नाही, ही संपली की निघतो. मस्करीतच म्हणाला असेल — पण मी धरून बसले ना. तिकीट दोनदा पुढं गेलं. तिकडे कॉलेज सुरू झालं. आमचे हे शिफ्टवरून आले की ओरडतात, पोराचं वर्ष घालवतेस का म्हणून. मी म्हणते, मी काय केलं? मी तर नुसती ढाल धरून उभी आहे.

कोणाला बोलू नकोस हं — माझी पाळी आली ना, की तो मोबाइल उलटा ठेवतो आणि माझ्याकडे बघतो. मम्मी, व्हॉट डू यू डू? एरवी या घरात मला कोण विचारतं गं, तू काय करणार? हे गाडी घेऊन सित्राला कामावर, मला गाडी येत नाही, बाहेर ऊन असं की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना जीव जातो. इथं आखातात, हमद टाउनमध्ये दिवसभर एसीचा आवाज ऐकत बसायचं. तो गेला की मी काय भिंतींशी बोलू? भीती वाटते मला, खरंच वाटते. म्हणून म्हणते, तू पण बचावच म्हण. नवीन आहेस, कोणी हसणार नाही. राहू दे त्या विंचवाला तिथंच.

बरं, तुला हत्यार काय दिलंय त्यानं? भाला? छान. फासा कितीचा? — तीन फासे? एकदम? मला तर एकच — आणि पडायला किती हवं? — काय म्हणजे, चुकतच नाही? पहिला वार लागणारच? असं कुठं असतं, रूल्सच्या पुस्तकात नाही असं, मी सगळं वाचलंय... तीन फासे. सगळ्यांवर एक-एक पडला तरी तीन होतात गं.

म्हणजे त्यानं मुद्दाम... आणि मला वाटलं, पोराला मैत्रीण मिळाली, म्हणून मी सकाळपासून वड्या थापतेय. काय सांगितलं त्यानं तुला? खाली नको, माझ्याकडे बघ. — आय कान्ट डू धिस टू हर? अस्सं म्हणाला?

थांब, नळ बंद झाला. त्याला काही बोलायचं नाही. आणि तुला काय झालं रडायला, वेडे? पूस डोळे. इथं माझ्या शेजारी नको, तिकडे समोर बस, विंचवाजवळ — यल्ला, ऊठ. पहिली पाळी तू घे.