बॅटरीचा उजेड

हॅलो?… कोण, धाकटी? मोठ्यानं बोल गं, हात पिठात आहेत, फोन स्पीकर लावून टेबलावर ठेवलाय. सगळे जेवायला बसलेत, त्यांनाही ऐकू दे.

काय? रात्री समुद्रात उतरलीस? आज परत उतरणार? दिवस कमी पडतो का तुला?… बरं, सांग.

पोपटमासा… स्वतःच्या लाळेची मच्छरदाणी करून आत झोपतो? शहाणा आहे. तुझ्या सासऱ्यांची लाळ जन्मभर उशीवर फुकट गेली… हसतेस काय, पुढं बोल. ऑक्टोपस… बघता बघता दगडाच्या रंगाचा? आणि वाम बिळातून तोंड उघडझाप करते? म्हणजे माहेरचं कुणीतरी भेटलं म्हण की!

मग रडू कशानं आलं?… एवढासा चांदीचा मासा, पोवळ्याच्या खाचेत लपलेला… तू त्याच्यावर बॅटरी मारलीस… आणि तो काटेरी पिसाऱ्याचा मोठा मासा, तुझ्या उजेडाच्या मागंच टपलेला?… गट्टम! असू दे. मूर्खपणाला पाप लागत नाही.

पण मला सांग, काळ्या पाण्यात एकटीला सोडतात?… नाही? जोडीनंच उतरायचं? एकीची हवा संपली तर दुसरीनं द्यायची? चांगला नियम आहे. तुझा नवरा तर इथं समोर भात कालवतोय. मग तुझी जोडी कोण?

…मासे राहू देत, जोडीचं विचारलं मी.

कोण?… थोरली? ती तर दवाखान्यात तिच्या आजारी आईच्या उशाशी बसलीय ना? डोळे पुसत रजा घेऊन गेली माझ्याकडून… हो, हो… अगं ऐक ना. तिनं मला काय थाप मारली, ते तुला सांगितलंच नाही? नुसतं ‘गप्प बस’ म्हणाली?

थोरल्या, ताट सरकवू नकोस. तुझीच बायको आहे, ऐक नीट.

…दमली होती? असेल. बारा वर्षं भट्टीपुढं भाजलीय, मला दिसत नाही का? म्हणून तर सोमवारी आपल्या बेकरीच्या किल्ल्या तिच्या हातात देणार होते… विचारलं असतं तर? नसतं सोडलं. तरी विचारायचं.

आता किल्ल्या माझ्याच कमरेला. मरेपर्यंत. आणि हे तिला तू सांगायचंस… मी कशाला? बॅटरी कुणी मारली?

रडू नकोस. आज रात्री पाण्यात उतरायच्या आधी सांग. तुझी हवा तिच्याच हातात ना?… चल, ठेवते. पीठ सुकतंय.