कवळी घट्ट बसेपर्यंत

…नाही, मिटूनच ठेव. आत्ता तोंड उघडलंस की सगळं मुसळ केरात — हा गुलाबी लगदा कवळीच्या आतून तुझ्या हिरडीचा ठसा घेतोय, तो घट्ट होईपर्यंत जबडा हलता कामा नये आणि बोलायचं तर अजिबातच नाही. तुला काय अवघड आहे म्हणा, ताई, तुला सवयच आहे. लेकीच्या लग्नापासून सख्ख्या धाकट्या बहिणीशी एक शब्द नाही. मघाशी खुर्चीत बसल्यावरसुद्धा काय, तर लेकीला म्हणालीस, ‘तुझ्या मावशीला सांग, खालची कवळी सैल झालीय.’ मावशी हातभर अंतरावर उभी, हातात आरसा घेऊन. मग मीही काही कमी नाही, मी तिला म्हटलं, ‘तुझ्या आईला सांग, आ कर.’ बिचारी पोरगी दोन्हीकडचे निरोप पोचवून दमली. शेवटी मीच तिला बाहेर बाकावर बसवलं.

आणि एवढं रागवायला मी केलं तरी काय होतं? — सांगू नकोस, ओठ मिट. लग्नाच्या जेवणाला तुझ्या विहीणबाई म्हणाल्या, या वयात काय दात आहेत हो तुमचे, अगदी मोत्यासारखे. आणि तू मान वेळावून म्हणालीस, देवाची कृपा. देवाची? कितीदा मेणाचे साचे केले मी, कितीदा तुला खिडकीशी उभं करून दातांचा रंग जुळवला, समोरचे दोन किंचित तिरके ठेवले, का, तर तुझे स्वतःचे तसे होते म्हणून — आणि श्रेय देवाला. मी एवढंच म्हणाले, की यात देवाचा काही संबंध नाही, हे माझ्या हातचे आहेत. आता अख्ख्या टेबलावर हशा पिकला त्याला मी काय करू. खोटं बोलले असते तर गोष्ट वेगळी.

बरं, असू दे. हे सेट व्हायला वेळ लागतो, तोवर तुला एक गंमत सांगते. गेले काही महिने मला एक फोन येतोय. दुपारी दवाखाना बंद करून मी डबा उघडला रे उघडला की वाजलाच. नंबर नाही, नाव नाही, नुसतं ‘प्रायव्हेट नंबर’. उचलला की पलीकडे शांत. आधी वाटलं, कर्ज हवंय का विचारणारे असतील — पण ते तर श्वास घ्यायला थांबत नाहीत, आणि हा चकार शब्द काढेना. हा म्हणजे आपलं म्हणायचं हं. हा की ही, कुणास ठाऊक.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, उचलूच नका. पण मी काय कमी खट आहे? पहिल्या दिवशी फोन ड्रिलजवळ धरला आणि पायाने बटण दाबलं. चांगलं घूंऽऽ करून मशीन ऐकवलं, मोठी माणसं त्या आवाजाने पळून जातात, पण हा हलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा — अगदी नाकातून, त्या बायका बोलतात तशी — आणि प्रतीक्षेत वाजतं ना, तसं वर गाणंही म्हटलं. तुला माझा गळा माहीत आहे. पूर्ण गाणं म्हटलं, कडव्यांसकट. तरी फोन ठेवला नाही. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती, माझं गाणं सोसायची सवय घरच्या माणसालाच असते. एकदा तर एकोणतीसचा पाढा म्हटला, आणि मध्ये चुकले तेव्हा पलीकडे जोरात श्वास सोडल्याचा आवाज आला. तू लहानपणी माझा पाढा घेताना सोडायचीस ना, तस्सा.

शेवटी काउंटरच्या बाईंना राहवेना. त्यांनी माझा फोन घेतला, कुठेतरी आत जाऊन काहीतरी केलं, आणि लपवलेल्या नंबरचे सगळे फोन बंद. काय शांतता झाली म्हणून सांगू. डबा वेळेवर, वर थोडी डुलकी. इतकं निवांत, इतकं निवांत — दोन-तीन दिवस. मग एका आजोबांची मी भलतीच दाढ ठोकून बघत बसले, ते म्हणाले, अहो डॉक्टर, दुखतेय ती पलीकडची. फोन बिघडलाय की काय म्हणून बाईंच्या फोनवरून मलाच लावून बघितला, चांगला खणखणीत वाजला. मग संध्याकाळी मोबाईलच्या दुकानात गेले, म्हटलं, हे काढून टाका, लपवलेले नंबर येऊ देत. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मॅडम, लोक हे बंद करून घ्यायला येतात, चालू करून मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या — हे मी तुला कशाला सांगतेय? ते सोड. मान हलवू नकोस.

तर, फोन पुन्हा यायला लागला. आणि मी बोलायला लागले. समोर कुणी ऐकतंय म्हटल्यावर मला थांबता येतं का? कोणी दात काढताना माझं बोट चावलं, कोण भूल द्यायच्या आधीच बेशुद्ध पडलं. असंच एकदा आत्याच्या शिंकेचं सांगितलं. आत्या सगळ्यांना हात करून थांबवायची, ‘थांबा, येतेय, येतेय,’ सगळं घर हातातलं काम टाकून उभं, बाबा जिन्यात एक पाय उचललेले, आणि शिंक काही यायची नाही. आता मला सांग, परक्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे? काही नाही. ज्याने बाबांना तसं उभं पाहिलंय त्यालाच हसू येणार. आणि पलीकडे कुणीतरी हसलं, म्हणजे हसू दाबलं, आणि आवाज आला — टक.

टक, ताई. खालची कवळी, हसताना डावीकडून उचलली जाऊन परत बसते तो आवाज. जबड्याचं हाड झिजून ती सैल होणार हे मी तुला केली तेव्हाच सांगितलं होतं, दर वर्षी दाखवायला ये म्हणाले होते. आपल्या हातची कवळी मी ओळखणार नाही? तेव्हा कळलं मला, अबोला धरायचा तर पुरा धरायचा म्हणून तोंड उघडायचं नाही, पण कान मात्र माझ्याकडे लावायचे. तुला फोनमधलं ओ की ठो कळत नाही, नंबर लपवायचं लेकीनेच शिकवलं असणार. म्हणजे दोन्हीकडचे निरोप पोचवणारी ती आणि मला फसवणारीही तीच. बाहेर गेले की कानच धरते तिचा.

हसू नकोस, ठसा बिघडेल.

आणि रडूही नकोस. लगदा झोंबतोय म्हणून सांगशील, तर हा झोंबणारा नाही.

त्या दिवसानंतर मी जे जे बोलले ते तूच आहेस हे माहीत असून बोलले, म्हणजे तुझ्या स्वयंपाकाबद्दलचं, मेव्हण्यांच्या घोरण्याबद्दलचं, ते सगळं मुद्दाम. पण त्याआधीचं तसं नाही. त्याआधी मी परकं माणूस समजून बोलले होते, आणि परक्याला आपण काहीही सांगून बसतो. की माझी बहीण लेकीकडे कायमची राहायला चाललीय आणि हे तिने मला सांगितलं नाही, काउंटरच्या बाईंकडून कळलं. आणि त्या लग्नातलं. ते तर मी कधी कुणालाच सांगितलं नव्हतं. ताई, त्या दिवशी तू लेक मिरवत होतीस, जावई मिरवत होतीस, ते बरोबरच होतं, तुझा दिवस होता. पण सगळे मला विचारत होते, तुमचं काय, तुमच्याकडे कोण कोण. मला मिरवायला होतं काय? तुझे दात होते. म्हणून बोलले मी.

ऐकलंस तेव्हा फोनवर? ऐकलंच असशील. दुसऱ्या दिवशी फोन नेहमीच्या वेळेआधीच आला होता.

झालं, होत आलं. बोट लावून बघते — हो, घट्ट झालं. आता मोठीच पंचाईत आहे बघ. ही कवळी आता हलणार नाही, पोटभर हसलीस तरी हलणार नाही, माझं काम आहे ते. म्हणजे टक बंद. तू तिकडे लांब जाणार, आणि दुपारी पुन्हा नुसता ‘प्रायव्हेट नंबर’. तो तुझा, की कुणा टवाळाचा, मला कसं कळायचं? मी कुणाला शिंकेच्या गोष्टी सांगत बसू? तुला काहीतरी बोलावं लागेल, ताई. एखादा शब्द. पुढच्या महिन्यात नको, तिकडे गेल्यावर नको. मी इथे कवळी बघत बसले असताना, निरोप्या बाहेर असताना.

हं, आ. सावकाश. निघाली. कडा तेवढ्या घासते — झालं. चूळ भर. हा रुमाल. आता बसवते, चाव बघू. टोचतंय? बरं. आता तोंड मोकळं आहे तुझं. मी गप्प बसते. खरंच बसते, हे बघ, हात मांडीवर.

काय?

फार बोलते, असं?

हो. बोलते मी फार. — जा आता, लेक खोळंबलीय बाहेर. आणि तिला आत पाठवू नकोस, मला जरा तोंड धुवायचंय.