आग ‘विझाने’ का सामान

हिंदीचं काय घेऊन बसलात, त्या हिंदीपायी माझा जीव जायचा राहिला! चंदीगडला तेव्हा दहशतवादाचा जोर, चौकाचौकात पोलिसांचे नाके. आमच्या लॅबमधले आग विझवायचे सिलिंडर तपासून भरून आणायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात. शहराजवळच्या मनीमाजऱ्याच्या दुकानातून एक भरून घेतला, स्कूटरवर पायाशी ठेवून निघालो, तर नाक्यावर जवानानं अडवलं.

“ये क्या है?”

दिवसभराचा दमलेलो. ‘बुझाना’ हा शब्द काही केल्या आठवेना. म्हटलं, “आग विझाने का सामान है जी.”

“आग बिछाने का?”

बंदूक थेट माझ्या छातीवर! हात वर करून मी नुसता “नहीं जी, नहीं जी” करत राहिलो. शेवटी नाक्यावरचा हवालदार पुढे येऊन म्हणाला, “चला के दिखा.” दाखवला. सगळी पावडर रस्त्यावर, थोडी त्याच्या मिशांवर.

“तो बुझाने का बोल ना यार,” म्हणाला, आणि सोडलं.

रिकामा सिलिंडर घेऊन पुन्हा मनीमाजरा. दुकानदार चक्रावला. “अभी तो भरा था जी! इतने में आग कहाँ लग गई?”

म्हटलं, “मेरी हिंदी में.”