पहिला हात सेक्रेटरींचा

क्लबचे मॅनेजर कधी भांडतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण ऐका. कुंभकोणमच्या एका क्लबात माझा आत्येभाऊ रघोजी मॅनेजर आहे. त्याला क्लबच्या सेक्रेटरींनी एक दिवस फोनवरूनच काढून टाकलं. कारणही सांगितलं नाही. मग मॅनेजरांच्या संघटनेनं त्याच क्लबात बैठक बोलावली. रघोजीला परत घ्या, असा ठराव करायचा होता. मी वार्ताहर म्हणून जाऊन बसलो.

इतक्यात सेक्रेटरी दारात दिसले आणि सगळे मॅनेजर खाडकन उभे राहिले. "या सार, बसा सार!" पुढची खुर्ची तर रघोजीनंच ओढून दिली.

"अरे, लाज वाटते का?" मी दबक्या आवाजात फटकारलं.

"वीस वर्षांची सवय आहे, अण्णा."

अध्यक्ष चाचरत म्हणाले, "ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा."

एकही हात हलेना. मी संतापून उठणार, तोच खुद्द सेक्रेटरींनी रघोजीकडे बघत हात वर केला. ते पाहताच धडाधड सगळेच हात वर गेले!

मी बातमी दिली: 'ठरावाला पहिला हात सेक्रेटरींचा.'

सकाळीच त्यांचा फोन आला. "काहीही छापता? मी कॉफी मागत होतो!"

"दुरुस्ती छापतो, सार. ज्याला नोकरीवरून काढलं त्याच्याकडेच तुम्ही कॉफी मागत होता, असं लिहू ना?"



"राहू द्या," ते म्हणाले. "रघोजीला आजच पाठवा. कालची कॉफी अजून मिळालेली नाही."