साहेबांना मिळालेला होकार

हॅलो?… हो, हो, मालवणची मोटार कचेरी. भाई एजंट बोलतोय… कोण? मॅनेजरसाहेब? कोल्हापूरहून? नमस्कार… जरा मोठ्याने बोला.

अभिनंदन? माझं? कशाबद्दल?… साहेबांची तार आली? काय म्हणते?… 'सर्व नोकरांनी नवी व्यवस्था एकमुखाने मान्य केली'?… नाही, हसत नाही. ठसका लागला.

अहो, ऐका ना. दोन कंपन्या एक झाल्या, आम्ही भांबावलो असू, म्हणून समजूत घालायला तुम्ही साहेब पाठवलात… बोलले ना! घसा बसेपर्यंत बोलले. बदलाशी जुळवून घ्या म्हणाले. आणि शेवटी काय, तर तुमची जुनी नोकरी धरणार नाही, आजपासून सगळे शिकाऊ उमेदवार!… हो, 'मान्य आहे?' विचारलं.

मग आमचे नाना ड्रायव्हर उठले, त्यांनी गाऱ्हाणं घातलं… तक्रार नव्हे हो! इथे देवाला घालतात ते. 'बा देवा म्हाराजा, कंपनीत जी काय इडापिडा शिरली आसा, ती घाटापलीकडे घालव रे म्हाराजा!' आणि सगळे एका सुरात, 'व्हय म्हाराजा!'… हां, तोच तो होकार. साहेबांनीही हात जोडले. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच… हो, घाटापलीकडे म्हणजे तुमच्याकडेच.

आता? तुमच्याकडे परत यायला फोंडाघाटच्या गाडीत बसलेत… सुटली कुठे? ती सहदेव चालवतो. जन्म गेला त्याचा त्या रस्त्यावर, पण आज तो उमेदवार. आणि उमेदवाराने एकट्याने गाडी चालवायची नाही, हा साहेबांचाच हुकूम. सगळेच उमेदवार, मग सोबतीला जुना ड्रायव्हर आणू कुठून?… थांबा हं. रे सहदेवा, सायब काय म्हणतत?… उकडता? बसांदे… हॅलो, साहेब मजेत आहेत.

छे, मी कशाला हुकूम मोडू? तुम्ही मागे घ्या… अहो, ज्यांच्या जिवावर गाड्या धावल्या त्यांना नवशिके म्हणता? लाज कशी वाटत नाही?… हो, चढलाय आवाज! राग आलाय मला!… काय म्हणालात?… मीसुद्धा?… एजंटही त्यातच?

वा.

मग मॅनेजरसाहेब, माझ्याशी कशाला बोलता? उमेदवाराने हेड ऑफिसशी परस्पर बोलू नये… वरिष्ठांना द्या? इथे आता वरिष्ठ एकच उरलेत. ते गाडीत बसलेत. ठेवतो.